पानं माझ्याकडे होती

प्राणी पापाकडे, पानं माझ्याकडे,
अशी आमची वाटणी.
एलिफेत, माझा बाप, टॅप-टॅप गाड्यांच्या पाठीवर
संतांची नावं रंगवायचा, खाली टायरच्या जाहिराती.
डिझेल मिळेना झालं त्या वर्षी
हार्डबोर्डचे तुकडे घेऊन अंगणात बसला
आणि जिराफ काढू लागला.

जिराफ त्याने पाहिला नव्हता.
जाक्मेलमध्ये कुणीच पाहिला नव्हता.
दाराशी माड होता. त्याला चार पाय दिले,
शेंड्याला दोन कोवळे नारळ, शिंगं म्हणून,
आणि ठिपके देताना म्हणाला,
हे माझ्या आजीच्या हातावर होते.

सिंहाला तोंड नोटरीचं,
ज्याने आमच्या जमिनीचा कागद हरवला.
झेब्रा म्हणजे कैद्याचा सदरा घातलेलं गाढव.
हत्ती मात्र जमेना. तीन दिवस.
चौथ्या सकाळी अनासिल काकी
डोक्यावर पाण्याची बादली घेऊन टेकडी चढताना दिसली.
काकीला आम्ही कधी सांगितलं नाही.

माझं काम सोपं.
कोंबडीचं पीस, हिरवा रंग,
त्यावर पिवळट हिरवा, त्यावर पांढरी शीर.
एका चित्रात चार हजार पानं.
मोजायचे मी.
शाळा सुटली होती, आकडे सुटू नयेत म्हणून.

एकदा विचारलं, मागचा हत्ती पुढच्याएवढा कसा?
लांबचं लहान दिसतं ना?
पापाने ब्रश घासलेटात बुडवला, पुसला, परत बुडवला.
तुझा काका बोस्टनला आहे, म्हणाला.
लहान झाला का तो?

मग एका चित्रात, उजवीकडे खाली,
त्याने डुक्कर काढलं.
आमचंच. काळं, लांब मुस्काटाचं,
पाठीवर ताठ केस, एक कान फाटका.
हत्तीला तीन दिवस लागले होते,
हे जेवायच्या आत झालं.

शिक्का मारलेला कागद घेऊन माणसं आली होती.
साथ आहे, म्हणाली,
आणि गावातली सगळी काळी डुकरं घेऊन गेली.
आमचं धडधाकट होतं. कालवण ओरपत होतं.
त्याच्यात माझी फी होती, भावाचे बूट होते,
आजीच्या शवपेटीचे पैसे होते.
त्याला आम्ही नाव ठेवलं नव्हतं.
बँकेला कोण नाव ठेवतं?

हॉटेलचे मिस्ये कॉन्स्ताँ चित्र घ्यायला आले.
छान आहे, म्हणाले. सिंह तर फारच ओळखीचा वाटतो.
पण जंगलात डुक्कर कुठून आलं?
झाकून टाक ते. वीस गूर्द वर देतो.

पापा काही बोलला नाही.
पीस माझ्या हातात दिलं.

मी शेपटीकडून सुरुवात केली.
मागचे पाय, पोट, पाठ.
केस ताठ, त्यांच्यावर रंग बसेना,
म्हणजे मला तसं वाटलं.
एकशे बारा पानांवर कान गेला.
पापा पाठमोरा बसून नीरफणस सोलत होता,
सोललेलाच परत सोलत होता.

डोळा राहिला.
ठेवला नाही, राहिला,
असं मी तेव्हा सांगितलं.
अजून तसंच सांगते.

मिस्येंना ते फळ वाटलं.

चित्र आता कुठे आहे, ठाऊक नाही.
कुठल्यातरी थंड गावात, सोफ्याच्या वर असेल.
तिथलं एखादं पोर विचारत असेल,
हे कुठलं फळ, सगळीकडून बघणारं?

वीस गूर्दांचा पापाने हिरवा रंग आणला.
एवढा कशाला, असं आईने विचारलं.
दोन वर्षं पुरला.